आहे तेवढं पुरे

सभागृहातले सगळे हसले, चाळणी एकटी हसली नाही.

चाळणी हे तिचं ऑफिसातलं नाव. देशभरातल्या संशोधन संस्थांना एकमेकींशी जोडणारं जे संगणकांचं जाळं होतं, त्याच्या नियोजन विभागात ती होती. कुठलीही संस्था कितीही मोठी मागणी घेऊन येवो, तिच्या हातून ती खाली उतरेपर्यंत कोंडा वर राहायचा, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत. तिला दोन्ही नावं माहीत होती आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडत होतं.

त्या दिवशी पुढच्या दहा वर्षांची बैठक होती. प्रत्येक संस्थेच्या संचालकाने उभं राहून सांगायचं की आज आम्ही या जाळ्यावरून एवढा डेटा पाठवतो, दहा वर्षांनी एवढा पाठवू, तेव्हा आमच्याकडे येणारी लाइन तेवढी मोठी करा. केबल टाकायला वेळ लागतो. रस्ता खणायची परवानगी मिळेपर्यंत अर्ज करणारा निवृत्त होतो. म्हणून आधीच विचारून ठेवायची पद्धत. आणि आधी विचारलं की माणसं फुगवून सांगतात. हवामानवाले म्हणाले, शंभरपट. जनुकं वाचणारे म्हणाले, हवामानवाल्यांपेक्षा जरा जास्तच धरा. त्यांनी हवामानवाल्यांचं बोलणं ऐकलंच नव्हतं, ते उशिरा आले होते. समुद्राचा तळ मोजणाऱ्यांनी तर हातवारेच केले. चाळणी मनातल्या मनात एकेकाचं निम्मं करत बसली होती.

मग वेधशाळेचे संचालक उठले. लांबच्या एका पठारावर ही वेधशाळा होती. मोठमोठ्या पांढऱ्या तबकड्या लावून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायचं काम तिथे चाले. तिथे नव्या तबकड्या येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तबकड्या वाढल्या की डेटाचा लोंढा येणार हेही. आता हा माणूस काय मागतो म्हणून सगळे सावरून बसले.

“आम्हाला आहे तेवढं पुरे,” संचालक म्हणाले. “वाढीव काही नको.” आणि खाली बसले.

तेव्हा हशा झाला. अध्यक्षस्थानी बसलेले साहेब तर खूश होऊन म्हणाले, “बघा, शिका जरा यांच्याकडून.”

चाळणी हसली नाही याला कारण होतं. हे संचालक तिचे सख्खे दीर होते. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून ती या माणसाला ओळखत होती. घरात काही वाटायचं असलं की आधी स्वतःचा वाटा उचलून मग मोठ्या भावाच्या वाट्यात काय आहे ते वाकून बघणारा हा माणूस. मागच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी मागितलं होतं आणि तिने कापलं होतं. आणि आज म्हणे, पुरे. तिच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चहाच्या वेळी तिने त्यांना कोपऱ्यात गाठलं.

“भावजी, नव्या तबकड्यांचं काय?”

“येतील की.”

“त्यांचा डेटा काय डोक्यावर वाहून नेणार आहात?”

“वहिनी, तुम्ही कधी आम्ही मागतो तेवढं दिलंत का? मग नको म्हटल्यावर तरी खूश व्हा.” ते कपातला चहा अर्धा ठेवून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला निघून गेले. चहा अर्धा ठेवणारा हा माणूस नव्हता.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. धाकट्या भावाशी त्याचं बोलणं कामापुरतं, आणि काम फारसं नसे.

“माझ्या भावावर तू संशय घेतेस हे मला फार आवडतं,” तो वह्या तपासता तपासता म्हणाला. “मी घेतला की आईला राग येतो.”

“खासगी कंपनीची लाइन घेणार असतील. आपल्या जाळ्यातून बाहेर पडायचं, आणि आधी कळू द्यायचं नाही. एक मोठी संस्था बाहेर पडली की बाकीच्याही दाराकडे बघायला लागतील.”

“असेल,” नवरा म्हणाला. “किंवा खरंच नको असेल.”

“त्यांना? नको?”

नवऱ्याने वही मिटली.

सासूबाई धाकट्याकडे पठारावर राहायच्या. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा, तोही जुन्या तारेच्या फोनवरून, कारण वेधशाळेच्या आवारात मोबाइल चालू ठेवायला बंदी होती. त्या आठवड्यात चाळणीने स्वतःहून फोन लावला आणि आडून आडून चौकशी केली.

“बरं आहे सगळं,” सासूबाई म्हणाल्या. “नळाला पाणी नाही, पण त्याचं आता काहीतरी करतायत. आणि धाकटा हल्ली दुपारी घरी येतो गं. झोपतोसुद्धा. पूर्वी जेवायला ये म्हणून माणूस पाठवावा लागायचा.”

“झोपतात?”

“झोपतो, नाहीतर कपाटं आवरतो. मी विचारलं तर म्हणतो, धूळ झालीय.”

ज्या माणसाच्या संस्थेत आता दुपटीचं काम उभं राहणार तो दुपारी झोपतो. चाळणीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने नकाशेवाल्याच्या टेबलावर नजर टाकली. नकाशेवाला म्हणजे विभागात केबलचे मार्ग आखणारा. जाडसर, सावकाश माणूस. जागेवरून उठणं त्याच्या जिवावर यायचं. त्याच्यासमोर पुढच्या दहा वर्षांचा कच्चा नकाशा होता, आणि त्यात पठाराकडे जाणारी रेघच नव्हती. नकाशावरची तारीख बैठकीच्या आधीची होती.

म्हणजे यालाही आधीच माहीत होतं. साहेब इतके खूश झाले, हा आधीच रेघ गाळून बसला, आणि भावजी चहा टाकून पळाले. तिने तिघांची एकमेकांशी मोट बांधली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त म्हणाली, “सासूबाईंना भेटून बरेच दिवस झाले. रजेवर चाललेय.”

बस पठाराच्या पायथ्याच्या गावापर्यंतच जायची. तिथून वर न्यायला वेधशाळेची जीप यायची. जीप यायला वेळ होता म्हणून ती थांब्यासमोरच्या बैठ्या इमारतीत सावलीला गेली. पाटी वाचली तेव्हा कळलं, ही जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा. आत एक डॉक्टरीणबाई काचपट्ट्या कापसात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. चाळणी कोण ते कळल्यावर त्यांनी खोकं बाजूला सारलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“वरची लाइन मोठी होतेय ना एकदाची? आमचं सगळं तिच्यावर आहे. वेधशाळेच्याच लाइनवरून आम्हाला थोडी वाट दिलेली आहे.”

“तुम्ही कशासाठी वापरता?”

“वापरायची इच्छा आहे, असं म्हणा.” त्यांनी एक काचपट्टी उजेडात धरून दाखवली. “हे आजारी गाईच्या फुप्फुसाचं आहे. याचं मोठं चित्र काढून तज्ज्ञाकडे पाठवायचं, तो बघून सांगणार रोग कुठला. पण चित्र जाता जात नाही. म्हणून मी काचपट्ट्याच बसने पाठवते. त्या पोचून उत्तर येईपर्यंत रोग शेजारच्या गोठ्यात गेलेला असतो.”

“मग बैठकीत सांगितलं का नाहीत?”

“आम्हाला कोण बोलावतंय? आम्ही केवढेसे. वेधशाळेचं झालं की आमचं आपोआप होईल, असं सांगितलंय.”

चाळणीने मान हलवली.

जीप आली. डिझेलची होती, पेट्रोलच्या गाडीची ठिणगीसुद्धा तबकड्यांना ऐकू येते म्हणे. घाट चढताना तिने दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे रस्त्याकडेला नवा खणलेला चर आणि त्यात टाकलेला पाइप. दुसरी म्हणजे खालच्या सपाटीवर, शेतांमधून, तीन पायांच्या तिकाटण्यावर कसलंसं यंत्र लावून एक डोळा मिटून बघणारी माणसं.

“हे काय चाललंय?” तिने ड्रायव्हरला विचारलं.

“पाइप टाकतायत,” ड्रायव्हर म्हणाला.

“आणि ती शेतातली माणसं?”

“ती आमची नाहीत.”

मग कुणाची, हे तिने विचारलं नाही. मार्ग मोजल्याशिवाय केबल पडत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. संशय खरा ठरतोय म्हटल्यावर माणसाला वाईट वाटायला हवं. तिला उलट बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली.

फाटकावर तिचा मोबाइल बंद करून एका लाकडी कप्प्यात ठेवला गेला. सासूबाई ओसरीवर वाट बघत होत्या. त्यांनी आधी सुनेची तब्येत, मग मोठ्याची तब्येत, मग मिक्सर न लावता जगावं लागतं याची तक्रार, असं सगळं ओळीने घेतलं. इथे मिक्सरलाही बंदी. चाळणीने अर्धं ऐकलं आणि “जरा पाय मोकळे करून येते” म्हणून बाहेर पडली.

नव्या तबकड्यांसाठी पाये बांधून झाले होते. वर आलेले बोल्ट फडक्यांनी बांधून ठेवले होते आणि फडकी उन्हाने विटली होती. एकही मजूर दिसत नव्हता. पलीकडे नवं संगणकगृह होतं. दाराला कुलूप. तिने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून, हाताचा आडोसा करून आत पाहिलं. यंत्रांची खोकी भिंतीशी रचलेली होती, पट्ट्यासुद्धा न कापलेली, आणि वर धुळीचा थर. छुप्या लाइनची तयारी चाललेली जागा अशी नसते. तिची मांडणी एका बाजूने ढासळायला लागली. पण चर तर तिने डोळ्यांनी पाहिला होता.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. तिने पहिला घास घेतला आणि सरळच विचारलं.

“भावजी, कुठल्या कंपनीशी ठरलंय?”

“कसली कंपनी?”

“उगाच लपवू नका. घाटात चर पाहिला मी. पाइप पाहिला.”

ते तिच्याकडे बघत राहिले. “वहिनी, तो पाण्याचा आहे.”

“फोनवर सांगितलं नव्हतं का तुला?” सासूबाई म्हणाल्या. “मी बोलते ते कुणी ऐकतच नाही.”

सांगितलं होतं, हे खरं. चाळणीने भाजी वाढून घेतली, तेवढाच वेळ मिळाला. पण मागे हटणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“बरं, पाण्याचा. मग शेतात तिकाटणी लावून उभी असलेली माणसं?”

आता भावजींचा हात थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. “आई, तू जरा आत...”

“मी कुठे जाऊ? माझं जेवण व्हायचंय.”

त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. “विमानतळ होतोय,” ते म्हणाले. “खालच्या सपाटीवर. ठरलंय.”

चाळणीला आधी त्याचा अर्थच लागेना. मग त्यांनी सांगितलं. विमानतळ म्हटला की रडार आलं, वायरलेस आलं, हजार माणसांचे मोबाइल आले. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की इथे मिक्सर लावलेला चालत नाही. रडारशेजारी बसून त्या ऐकायच्या म्हणजे वाजणाऱ्या बँडपुढे उभं राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं. वेधशाळा आणखी थोडी वर्षं चालेल, मग बंद. नव्या तबकड्या दुसरीकडे जातील. कुठे, ते त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

“मग हे बोलत का नाही कुणी?”

“जमिनीची घोषणा व्हायचीय. आधी फुटलं तर दलाल शेतकऱ्यांच्या दारात जाऊन बसतील. माझ्याकडून शब्द घेतलाय वरच्यांनी. आणि माझी माणसं आकाशाचं एक मोठं मोजमाप पुरं करतायत. त्यांना कळलं की हे दुकान बंद होतंय, तर निम्मी आजच दुसरी नोकरी शोधतील. त्यांचं चूक नाही. पण मोजमाप अर्धं राहील.”

सासूबाई भातावरचं झाकण काढायचं विसरून बसल्या होत्या. “म्हणून कपाटं आवरत होतास होय रे,” एवढंच त्या म्हणाल्या.

ही गोष्ट खरी कशावरून, असं चाळणीच्या मनात लगेच येऊन गेलं. इतकी चोख बसणारी गोष्ट माणूस रचूनही सांगू शकतो. पण धूळ रचता येत नाही. फडकी विटायला ऊन लागतं. तिने विश्वास ठेवला, आणि ठेवल्याबरोबर दुसरीच अडचण पुढे उभी राहिली.

“तुम्ही काही मागितलं नाही तर मोठी लाइन पायथ्यापर्यंतसुद्धा येणार नाही,” ती म्हणाली. “खालच्या डॉक्टरीणबाईंचं काय?”

“त्याचा विचार मी केला नाही,” ते कबूल झाले.

“मग करा. पत्र पाठवा, चुकून बोललो म्हणा. थोडं वाढवून मागा. मी कापणार नाही.”

भावजी हसले. सबंध दिवसात पहिल्यांदा.

“वहिनी, तुम्ही? तुम्ही मला फुगवून मागायला सांगताय?”

“जनावरं मरतायत हो.”

“असतील. पण उद्या हे उघडं पडेल तेव्हा लोक म्हणतील, बंद होणार हे माहीत असताना या माणसाने लाइन मागितली. मी आयुष्यभर वाढवून मागत आलो, हे तुम्हाला सांगायला नको. या वेळी पहिल्यांदा खरं सांगितलं. आणि नेमका त्याच वेळी तुम्ही माझ्या दारात येऊन उभ्या राहिलात.”

कुणाला सांगणार नाही, असा तिने शब्द दिला. सासूबाईही म्हणाल्या, “मी तरी कुणाला सांगणार?” दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय निघालं?”

“पाण्याचा पाइप.”

“एवढंच?”

“एवढंच.”

नवऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्याला ते पटलेलं नाही हे तिला दिसलं. शब्द म्हणजे शब्द, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्या फोनची बेल वाजली की मान वर करायचा.

ऑफिसात गेल्यावर तिने आधी नकाशेवाल्याला गाठलं. “बैठकीच्या आधीच पठाराची रेघ कशी गाळलीत?”

तो गोंधळला. मग त्याने नकाशा उलगडून दाखवला. “गाळली नाही, बाई. कागद तिथे संपत होता. दुसरा कागद जोडायला कपाटापर्यंत जावं लागतं.”

कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिने कपाटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हे तिला शंभर टक्के खरं वाटलं.

पुढच्या बैठकीत साहेबांनी पठाराच्या लाइनवर काट मारायला पेन उचललं तेव्हा ती उभी राहिली.

“पायथ्यापर्यंत तरी लाइन मोठी करावी असं मला वाटतं. तिथे जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा आहे.”

“ती केवढीशी,” साहेब म्हणाले.

“केवढीशी आहे म्हणूनच आपण तिला कधी विचारलं नाही. वेधशाळेच्या जिवावर तिचं भागेल असं धरून चाललो. आता वेधशाळेने नको म्हटलंय.”

“वेधशाळा नको म्हणते, आणि तुम्ही हवी म्हणता.” साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “बाई, तुमचे दीर आहेत ना तिथे?”

खोलीतली कुजबुज थांबली.

“आहेत.”

“मागच्याच आठवड्यात जाऊन आलात ना?”

“रजा घेऊन गेले होते.”

कुणी आणखी काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. दिराने सगळ्यांसमोर नको म्हणून वाहवा मिळवायची आणि वहिनीने मागच्या दाराने लाइन नेऊन द्यायची, असं ते चित्र होतं. तिथे दुसरं कुणी उभं असतं तर तिने हेच चित्र काढलं असतं, आणि साहेबांच्या आधी काढलं असतं. विमानतळाचं एक वाक्य बोलली असती तर तिची सुटका होती. निदान दिरासाठी लाइन नेते असं तरी कुणी म्हटलं नसतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं.

“मग असं करा,” ती म्हणाली. “या फाट्याचा निर्णय माझ्याकडून काढून घ्या. नकाशेवाल्यांना पाठवा. त्यांचं तिथे कुणी नाही.”

“मला?” नकाशेवाला म्हणाला. “बसने?”

तो गेला. कुरकुरत गेला आणि काळवंडून परत आला. साहेबांसमोर त्याने जे सांगितलं ते असं. “सकाळी त्यांना एक चित्र पाठवायला लावलं. मग मी नाश्ता केला. गाव हिंडून आलो. जेवलो. जरा पडलो. उठून चहा घेतला. चित्र जातच होतं. मध्ये एकदा तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी डॉक्टरीणबाईंनी काचपट्ट्या बसने पाठवल्या आणि ती बस माझ्यासमोर सुटली.” थोडं थांबून तो म्हणाला, “रेघ मी ओढतो. पायथ्यापर्यंत. वर नाही. आणि या बाई तिथे मला काही सांगायला आल्या नव्हत्या.”

त्याने स्वतः उठून कपाटातून दुसरा कागद आणला. ऑफिसात याची बरीच चर्चा झाली.

लाइन मंजूर झाली. पण चाळणीच्या मागे बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. ती आली की माणसं विषय बदलत. संचालक मंडळी तिला फोनवर आकडे सांगताना मध्येच म्हणत, “आमचं तिथे कुणी नात्यातलं नाही, बाई,” आणि हसत. ती पूर्वीसारखीच कापत राहिली. पूर्वी कापलं तर लोक चिडायचे, आता सगळं कळल्यासारखं बघायचे.

काही महिन्यांनी विमानतळाची बातमी पेपरात आली. सरकारी घोषणेच्या आधीच आली, पान भरून, नकाशासकट. साहेबांनी तिला आत बोलावलं. पेपर टेबलावर पसरलेला होता.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“लाइन मागितली तेव्हा?”

“हो.”

“म्हणजे लाइन त्या विमानतळासाठी होती?”

“प्रयोगशाळेसाठी होती. वेधशाळा जाणार हे मला माहीत होतं, म्हणूनच प्रयोगशाळा उघड्यावर पडणार हेही दिसत होतं.”

“मग तेव्हाच सांगायचंत.”

“शब्द दिला होता.”

मग चौकशी झाली. त्यात काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हणजे काही नव्हतंच, असं मात्र कुणी म्हटलं नाही. पुढच्या फेरीला संस्थांकडे जायचं काम दुसऱ्याला दिलं गेलं. तिच्याकडे जुन्या लाइनच्या दुरुस्तीचा विभाग आला. तिथे कुणी काही मागत नाही, फक्त तक्रारी येतात, आणि तक्रारी बहुधा खऱ्या असतात. तिला तिथे करमायला बराच काळ गेला.

पठारावर तर त्याहून वाईट झालं. बातमी फुटल्यावर आठवडाभरातच वेधशाळेतली तरुण माणसं एकेक करून निघाली. आकाशाचं मोजमाप शेवटच्या तुकड्याशी अडलं. दलालांच्या गाड्या पायथ्याच्या गावात उभ्या राहायला लागल्या. डॉक्टरीणबाईंची केबल तेवढी वेळेवर पडली. त्यांनी पहिलं चित्र पाठवलं त्या दिवशी नकाशेवाल्याला फोन केला, आणि त्याने तो निरोप जागेवरून न उठता, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा चाळणीला दिला.

उन्हाळ्याच्या शेवटी भावजी सासूबाईंना घेऊन घरी आले. त्यांचं तिथलं घर आवरत आलं होतं, नवीन जागेचं ठरेपर्यंत आई मोठ्याकडे राहणार होती. पिशव्या आत गेल्या, सासूबाई आत गेल्या, नवरा चहा टाकायला गेला. भावजी दारातच उभे राहिले. ते बरेच वाळले होते.

“वहिनी, एकच विचारतो. राग मानू नका.”

“विचारा.”

“बातमी तुमच्याकडून गेली?”

“नाही.”

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला ते बघणं ओळखीचं होतं, फक्त ते आजवर तिने कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. बातमी कुणी फोडली असेल याचे तिच्याकडे चार तर्क होते. शेतातली ती तिकाटणीवाली माणसं दिवसाढवळ्या उभी होती, गावाला डोळे होते. जीपचा ड्रायव्हर होता. जमिनीच्या कचेरीतले कारकून होते. आणि सासूबाई आपल्या बहिणीशी फोनवर काय काय बोलतात ते देव जाणे. एकेक नाव पुढे केलं असतं तर तिच्यावरची नजर बाजूला वळली असती. तिने एकही पुढे केलं नाही.

“नाही, भावजी,” ती पुन्हा म्हणाली.

“बरं,” ते म्हणाले आणि आत आले. विश्वास ठेवला की नाही ते तिला कळलं नाही.

ती आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंच्या पिशव्या सोडायला लागली. बाहेर दोघा भावांचं हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. इतकं बोलणं त्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिने हातातली साडी तशीच धरली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. आपल्याबद्दलच असणार, असं तिला वाटलं. श्वास रोखून तिने ऐकलं. बोलणं आईची गादी कुठे टाकायची याचं चाललं होतं. मोठा म्हणत होता भिंतीशी, धाकटा म्हणत होता वाऱ्याला. ती आणखी थोडा वेळ तिथेच थांबली, विषय बदलतो का ते बघायला. मग साडी कपाटात ठेवायला वळली.